आयुधपूजेला आलेला सीईओ

बेंगळुरात एखाद्या इंजिनिअर बाईनं नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली की तिला सगळ्यात आधी टाळ्या मिळतात. मग शाल, मग व्यासपीठ, मग जांभळ्या पडद्यासमोर फोटो. गिऱ्हाईक सोडून सगळं मिळतं. मल्लेश्वरमच्या खंडोजीरावांची थोरली लेक भाग्यलक्ष्मी या कौतुकाला इतकी विटली होती, की सभागृहात टाळी पडली की निघायला म्हणून तिचा हात आपसूक पिशवीकडे जाई.

आमचं घराणं तलवार घेऊन इकडं आलं, असं खंडोजीराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तलवार खरंच आहे, वर्षातून एकदा खंडेनवमीला माळ्यावरून खाली येते आणि खंडोजीरावांच्या स्कूटरशेजारी बसून हळदकुंकू लावून घेते. बाकी पराक्रम म्हणाल तर लेकीनं नोकरी सोडली तेव्हा त्यांनी महिनाभर तोंड पाडलं, तेवढाच.

ती नोकरीही सांगण्यासारखी होती. परदेशी कंपनीत ती मशीनच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिही. तिच्याकडून काम शिकलेली पोरं एकेक करून तिच्या डोक्यावर साहेब होऊन बसली. महिला दिनाला मात्र कंपनी तिला विसरत नसे. प्लास्टिकच्या कागदातला एक गुलाब, देठाला कंपनीची चिठ्ठी. एका मार्चमध्ये तिनं तो गुलाब साहेबाच्या टेबलावर राजीनाम्याखाली ठेवला आणि बाहेर पडली.

मग तिनं एक डबा बनवला. तळहाताएवढा, मशीनला चिकटवायचा. तो मशीनची थरथर ऐकत बसतो आणि आतला भाग मोडायच्या आधी मोबाइलवर ओरडतो. पहिला मान बेंगळुराजवळच्या आनेकलच्या सुब्बारावांना, गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या त्यांच्या छोट्या कारखान्याला. तिथं प्रेसवर काम करणाऱ्या बायकांनी डब्याला ‘किवी’ म्हणायला सुरुवात केली. कन्नडमध्ये किवी म्हणजे कान. भाग्यलक्ष्मीनं हौसेनं ठेवलेलं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर चढलंच नाही.

किवी चालली. इतकी, की आजूबाजूचे कारखानदार मागू लागले. आता डबे बनवायला भांडवल हवं, नाहीतर दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायचं. त्या पेचात तिला शमिका भेटली.

शमिका मूळची पुण्याची, आता बेंगळुरातल्या कोरमंगलाची. तिचा फंड फक्त बायकांच्या कंपन्यांसाठी, असं तिच्या दारावर, कपावर आणि भिंतीवरच्या दिव्यांच्या अक्षरांतही लिहिलेलं होतं. जिथं वस्तूच्या प्रत्येक बाजूला वस्तूचं नाव लिहावं लागतं, तिथं आत काय भरलंय ते उघडून बघावं, एवढी अक्कल रस्त्यावरच्या भाजीवालीलाही असते. भाग्यलक्ष्मी पेचात होती, म्हणून तिनं उघडून बघितलं नाही.

“तुझं मराठी किती क्यूट आहे गं,” शमिका म्हणाली. “ठीक आहेला सरी काय, थोडंला स्वल्प काय.”

“चारशे वर्षं वापरतोय, अक्का. झिजलंय जरा.”

शमिका हसली. मग मुद्द्यावर आली. “हे बघ, प्रॉडक्ट तुझं, टेक तुझं. फक्त सीईओ मानसिंग असेल. पुढच्या राउंडला जे इन्व्हेस्टर येतात ना, त्यांना समोर कुणीतरी, यू नो, कम्फर्टेबल लागतं. तू सीटीओ, टेक्निकल बाजू तुझी. मस्त शांतपणे आपलं काम कर.”

“फंड बायकांचा ना तुमचा?”

“म्हणून तर तुला आत ठेवतेय.”

शेजारी बसलेला मानसिंग मान डोलावत होता. यापूर्वी त्यानं किराणा पोचवणारी एक कंपनी बुडवली होती, आणि त्या बुडण्याला तो ‘अनुभव’ म्हणे. बाईनं कंपनी बुडवली असती तर लोक काय म्हणाले असते, ते सांगायला नको.

भाग्यलक्ष्मीनं होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कारखाना बघू, तिथंच सही करू, असं ठरलं. शमिकानं दिवस निवडला आयुधपूजेचा.

“त्या दिवशी मशीन चालत नाहीत, अक्का. हत्याराला विश्रांती असते.”

“अगं परफेक्ट. फुलं, रांगोळी. व्हिडिओ काय येईल. तू फक्त मोबाइलवर किवीचा डॅशबोर्ड दाखव.”

त्या सकाळी कारखाना नवरीसारखा सजला होता. प्रत्येक प्रेसला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, कपाळावर हळदकुंकू. नट आवळायचे पाने, हातोडे, कानसी एका पाटावर मांडलेल्या, आणि त्यांच्यात भाग्यलक्ष्मीचा लॅपटॉप. बायकांनी हक्कानं तिच्या हातातून काढून घेतला होता. “तुझं आयुध हेच की, अक्का,” म्हणत त्याच्याही झाकणावर कुंकू ओढलं होतं. रोज तेलानं काळ्या होणाऱ्या त्या बायका आज नव्या साड्या नेसून, हात रिकामे ठेवून बसल्या होत्या. देव असो वा नसो, वर्षातून एक दिवस मशीन त्यांच्यापुढं गप्प उभी राहते, हे खरं.

शमिका आणि मानसिंग गाडीतून उतरले आणि भाग्यलक्ष्मीचा मोबाइल किंचाळायला लागला. पहिली मशीन मेली. दुसरी मेली. मग सगळ्याच. मोबाइलचा पडदा रक्तासारखा लाल.

तिला क्षणात कळलं. एरवी सुट्टीला कारखान्याचा मुख्य खटकाच बंद असतो, किवीही झोपते. आज पाहुणे आले म्हणून दिव्यांच्या माळा लावायला कुणीतरी आत्ताच तो खटका वर केलेला. किवी जागी आणि मशीन गप्प. आणि गप्प म्हणजे मेलेली, असंच तिनं किवीला शिकवलं होतं. ज्या घरात तलवारीलासुद्धा सुट्टी असते त्या घरातली पोरगी, आणि थांबलेलं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र, हे त्या गुलाबवाल्या कंपनीकडून पाठ करून आली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती लाज शमिकापुढची नव्हती.

“धिस इज नॉट ग्रेट,” शमिका म्हणाली. “एक मशीन चालू करायला सांग ना. दोनच मिनिटं.”

सुब्बारावांनी हात जोडले. “आज नाही, बाईसाहेब. परवा या, दिवसभर चालवून दाखवतो.”

“मैं सीईओ हूँ,” मानसिंग त्यांना म्हणाला, आणि प्रेसची माळ बाजूला सारून त्यानं हिरव्या बटणाकडे हात नेला. सही झाली नव्हती. कागद अजून शमिकाच्या पर्समध्ये होता. समोर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

भाग्यलक्ष्मीनं त्याचं मनगट धरलं. पकड चांगली होती, पाने फिरवून झालेली.

“हात काढ.”

“भाग्या, डोंट बी इमोशनल,” शमिका म्हणाली. “बरं, मशीन राहू दे. लॅपटॉप घे आणि बग फिक्स कर. किती वेळ लागेल?”

“चहा होईतो.”

“मग कर ना.”

तिनं पाटाकडं बघितलं. डब्यांचं भांडवल, दारातली गिऱ्हाइकं, सगळं त्या कुंकवाच्या एका बोटापलीकडं होतं. पुसायचं आणि बसायचं. पुसलं असतं तर उद्या मानसिंगानं सांगितल्यावर पुसावं लागलं असतं, परवाही लागलं असतं, आणि त्यालाच पगार म्हणाले असते. ती नोकरी तिची एकदा करून झाली होती.

“आज आयुधाला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “आयुध वापरणारीलापण. प्रसाद घेऊन जावा.”

“यू आर थ्रोइंग इट अवे. एका पूजेसाठी?”

“पूजेचं सोडा, अक्का. माझ्या कारखानदारानं नको म्हटलेलं बटण तुमचा माणूस दाबतोय. उद्या माझं गिऱ्हाईक हाच सांभाळणार की.”

सुब्बाराव हळूच म्हणाले, “भाग्या, मोबाइल तेवढा गप्प कर गं. भटजींचे मंत्र ऐकू येत नाहीत.” तिनं तो बंद केला आणि पाटावर लॅपटॉपशेजारी ठेवला.

दसरा उलटल्यावर तिनं किवीला नवी गोष्ट शिकवली: चालू, बिघाड आणि सुट्टी. भांडवल अर्थातच नव्हतं. सुब्बारावांनी ओळखीच्या कारखानदारांना बोलावून आगाऊ रकमेवर थोडे थोडे डबे घ्यायला लावलं. काहींनी घेतले, काहींनी बघू म्हटलं. धंदा रांगायला लागला, धावला वगैरे नाही.

शमिकानं त्या दिवसाचा व्हिडिओ चढवलाच. झेंडूच्या माळेशेजारी ती, आणि खाली स्त्रीशक्तीबद्दल चार ओळी. टाळ्यांची रास पडली. पुढं काही आठवड्यांनी तिचा फोन आला.

“मानसिंगचं मन मोठं आहे गं. तो को-सीईओ व्हायलाही तयार आहे. काय सांगू त्याला?”

“जागा एकच रिकामी आहे, अक्का,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “आनेकलला डबे बसवायला माणूस हवाय. शिडीवर चढता येतं का विचारा.”