बुधाजीच्या परसातली जाळीची चूल

खाडीकाठच्या मिठागरांवर बुधाजीच्या पायाला मान होता. पावसाळा सरला की वाफ्यांचा तळ पायाने तुडवून, फळीने चोपून असा गुळगुळीत करायचा असतो की वरचं मीठ पांढरंशुभ्र उचलता यावं. बुधाजीने चोपलेल्या तळात म्हणे तोंड बघून पटका बांधता येत असे. हे 'म्हणे' गावात बुधाजीनेच पसरवलं होतं.

घरात मात्र त्या पायाला कुणी विचारत नव्हतं. घर बायकोचं, मैनाचं होतं, आणि मैनाचे डोळे गेले काही महिने सारखे गळत होते. बिनखिडकीच्या रांधणीत, ओलसर लाकडांवर फुंकर मारता मारता तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अलिबागच्या डॉक्टरने पापणी उलटून पाहिली, थेंब दिले आणि बजावलं, "धुरापासून लांब राहा बाई. नाहीतर नजर जाईल."

परतीच्या वाटेवर बांधावर चढताना तिने बुधाजीचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी तिने असा हात कधी धरला नव्हता. बुधाजीला त्या हाताची भीती वाटली.

मग त्याला नागावचा बंगला आठवला. एका पारशी शेठला जिताडा मासा पोचवायला तो तिथे गेला होता. नारळीच्या बागेत विटांची कमरेएवढी चूल, तिच्यावर लोखंडी गजांची जाळी, खाली लाकडांचे निखारे, वर मासा. धूर आभाळात आणि शेठ खुर्चीत.

"तशी एक आपल्या परसात बांधतो," तो मैनाला म्हणाला. "घरात धूर म्हनून राहनार न्हाय."

"तुमाला जमंल?"

"मिठागर बांधनारा मानूस मी. चूल ती केवढी."

पडक्या गडग्याचे जांभे दगड त्याने डोक्यावरून आणले. धरमतरच्या धक्क्यावर मोडीत पडलेले खिडकीचे गज आणले. माती मात्र घराजवळची घेईना. ती त्याला हलकी वाटली. मिठागराच्या तळाचा काळा, चिकट चिखल पाटीपाटीने वाहून त्याने दगडांवर चढवला आणि फळीने चोपू लागला. फळीने मन भरेना, तेव्हा तो स्वतःच वर चढला.

कुंपणापलीकडून शेजारची मनुबाई बघत होती. "बुधादा, चूल बांधतंस का तिच्यावर नाचतंस?"

"तुझ्या चुलीवर कोन नाचलंय का कवा? म्हनून ती अशी."

चुलीचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, याचा त्याने विचारही केला नाही. मिठागराच्या माणसाला तो करावा लागत नाही. दर्यावरचा वारा आला तर पाणी आटतं, मीठ पडतं, घरात चूल पेटते. जन्मभर तो वाऱ्याची वाट बघत आला होता. चूलही त्याने घराच्या पश्चिमेला, वाऱ्याकडे आ वासून ठेवली.

वाळल्यावर ती खरोखर चमकली. बुधाजीने मोठा जिताडा आणला, मिठागरावरचा सोबती दादू याला जेवायला बोलावलं, मैनाला आत पाटावर बसवलं आणि भर दुपारी चूल पेटवली.

दर्यावरून वारा आला. आजवर इतका हुकमी तो कधी आला नव्हता. जाळ भडकला, आणि सगळा धूर मागच्या दाराने घरात शिरला. खारी माती तापताच तडतडू लागली, तिचे टवके उडून माशावर बसले. मैना डोळ्यांना पदर लावून पुढच्या दाराने अंगणात आली. मागोमाग घरातली मांजर आली.

दादू खोकत म्हणाला, "बुधादा, जिताडा भाजतंस का वैनीला?"

मासा एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने कच्चा निघाला. दादूने मधला घास शोधून खाल्ला आणि काम आठवून निघून गेला. मैनाच्या डोळ्यांना संध्याकाळपर्यंत धार लागली होती. ती एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बुधाजीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चूल पाडायला पहार उचलली. पहार आपटून उलटी उडाली. आजवर आपल्या कामाबद्दल त्याने जेवढ्या बढाया मारल्या होत्या, त्या साऱ्या या चुलीने नेमक्या याच वेळी खऱ्या करून दाखवल्या.

पुढच्या पहाटे तो तिच्यावरच बसून विडी ओढत होता. मिठागराच्या शहाण्याला चूल बांधता येत नाही आणि मोडताही येत नाही, असं मनाशी चाललं होतं. तेवढ्यात त्याचं विडीच्या धुराकडे लक्ष गेलं. धूर घराकडे नव्हे, खाडीकडे चालला होता. पहाटे जमिनीवरून दर्याकडे वारा वाहतो, हे तो जन्मल्यापासून जाणत होता. आता मात्र कुणीतरी नवीनच सांगितल्यासारखा तो उठून उभा राहिला.

त्याने आत जाऊन सांगितलं तशी मैना म्हणाली, "मग मी पाटंची उठून रांधीन."

"लाकडं सारनाऱ्याच्या तोंडावर थोडा धूर येतोच. तू आत बस."

"आन् भाकऱ्या?"

बुधाजीने भाकऱ्यांचा विचार केला नव्हता.

त्या दिवसापासून उजाडायच्या आत दिवसभराचं रांधणं तोच करू लागला. जाळीवर सुके बोंबील, निवट्या, कधी चिंबोऱ्या. भाकऱ्यांना आकार असा नव्हताच. गावात लोक त्याला आचारी म्हणू लागले, तेव्हा तो म्हणे, "आचाऱ्याला रांधता येतं रं. मना नुसता वारा समजतो."

शिमग्याच्या आधी एका पहाटे मनुबाईने कुंपणावरून विचारलं, "मैना, डोलं कसं हायत?"

"बरं हायत. पानी थांबलं," मैना मागच्या ओट्यावरून म्हणाली. "जीभ तेवढी खारवली. मिठागरवाल्याच्या हाताला मिठाचा अंदाजच न्हाय."

चुलीपाशी उकिडवा बसलेल्या बुधाजीने ते ऐकलं. हातातली भाकरी एका बाजूने करपली होती. ती बाजू खाली घालून त्याने भाकरी मैनाच्या ताटात ठेवली आणि ती उलटून बघते का, हे चोरून पाहत राहिला. मैनाने उलटून पाहिली. तिला काळं नीट दिसलं. तो हसला आणि दुसरी थापायला बसला.