तिहोमीरची मान आणि पाच कबुतरं

आमच्या स्मेदेरेवो गावात मान दुखली की आधी खिडकी बघायची, मग डॉक्टर. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा गेला, की माणूस संपलाच म्हणून समजा! शेजारच्या तिहोमीरची मान धरली तेव्हा त्याने भर जुलैत घर बंद करून घेतलं आणि बायकोला, स्तामेंकाला, दिवसभर फैलावर घेतलं.

मग उपचार सुरू झाले. प्रत्येकाचा निकाल तो मला कुंपणावरून ऐकवायचा. "शेक बरा, पण झोप येते. मानेला वीज लावतात, त्याने नुसत्या मुंग्या. मान ताणतात तेव्हा स्वर्ग, घरी येईस्तोवर पुन्हा तेच. आणि व्यायाम? ह्या वयात?"

फिजिओथेरपिस्ट नेवेंका विचारून दमली, "काका, दिवसभर करता तरी काय?"

"काही नाही गं. बसतो."

बसायचाच तो. आकाशाकडे तोंड करून, रोज सहा तास! त्याची कबुतरं उंच उडणारी, वर गेली की नुसते ठिपके. नजर हलली की हरवलीच. ही पोरगी कबुतरं उडवणंच बंद करायला लावेल म्हणून गडी गप्प. सप्टेंबरात स्पर्धा होती, कुणाची कबुतरं जास्त वेळ हवेत राहतात त्याची. वीस वर्षांत त्याचा थवा एकदाही आठ तास टिकला नव्हता. यंदा टिकेल आणि ते आपण डोळ्यांनी बघू, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी मीच चोंबडेपणा केला, नेवेंकाला सांगून टाकलं. ती हसलीच. "मग आडवं पडून बघा म्हणावं!"

स्पर्धेच्या दिवशी अंगणात गादी पडली. पंच खुर्चीत, हा गादीवर, उघड्या वाऱ्यात. पाच कबुतरं वर गेली. "अगं स्तामेंका, दुखतच नाहीये!" तो ओरडला, आणि दहा मिनिटांत घोरायला लागला. मानेपायी दोन महिन्यांत त्याला धड झोप नव्हती.

त्याला उठवणं स्तामेंकाच्या जिवावर आलं. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्याऐवजी वर बघत बसली. आठ तास चाळीस मिनिटं.

तो जागा झाला तेव्हा कबुतरं दाणे टिपत होती. पंचांनी वेळ सांगितली. मला त्याच्याकडे बघवेना. मग तो हळूच स्तामेंकाला म्हणाला, "कशी दिसत होती गं?" ती जेवणं होईपर्यंत सांगत राहिली.

आता दर गुरुवारी स्तामेंका नेवेंकाकडे जाते. तिची मान त्या दिवशी धरली ती सुटेना. तिहोमीर तिला दारापर्यंत सोडतो आणि नेवेंकाला बजावतो, "खिडकी उघडी टाकून झोपते, दुसरं काय!"