भांगाचे पाणी

माझ्या हातून झालेल्या चुकांची मी एक वही ठेवली आहे. तिच्यातली पहिली चूक एका शब्दाची आहे, आणि तिच्यामुळे शिवडीच्या कोळीवाड्यातली खालची घरे पाण्यात जायची वेळ आली होती.

तेव्हा मी ठाकूरद्वारला एका वाडीत राहत होतो आणि एका इंजिनियर साहेबांकडे दुभाषी कारकून होतो. शिवडीच्या किनाऱ्यावरच्या चिखलाला बांध घालून आतली जमीन भरून काढायची, असा बेत चालला होता. कोळीवाड्याची खालची आळी या बांधाच्या आत येत होती. बांध किती उंच हवा हे ठरवायला मोजणीदारांनी चिखलात आकडे रंगवलेला खांब रोवला आणि दोन महिने भरतीची उंची टिपून घेतली. साहेब कामाला चोख. पाणी हलत असले की आकडा नीट वाचता येत नाही, म्हणून शांत पाण्याचे दिवस पाहूनच मोजायचे, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

बेत कमिटीपुढे जाण्याआधी कोळ्यांचे म्हणणे ऐकून घ्या, असा वरून हुकूम आला. आम्ही एका सकाळी किनाऱ्यावर गेलो. कोळ्यांच्या वतीने त्यांचे म्हातारे पाटील बोलले. बराच वेळ नकाशाकडे पाहून ते मला म्हणाले, "साहेबाला सांगा, तुमच्या मानसांनी भांगान पानी मोजलंय. ह्यो बांध बुटका होनार. पानी वरून आत येल आनि आतच ऱ्हाईल."

मी साहेबांना सांगितले, की मोजणीदारांनी भांग पिऊन पाणी मोजले, असे यांचे म्हणणे आहे.

साहेबांचे कान लाल झाले. मुख्य मोजणीदार तिथेच उभा होता. तंबाखूलाही न शिवणारा माणूस. साहेबांनी विचारले, "याने स्वतः पाहिले?"

पाटील म्हणाले, "रोज बघत व्हतो. समदे दिवस भांगानच आले."

तेही मी तसेच सांगितले. साहेब छत्री उघडून चालू लागले. पाटलांना काय बिनसले ते कळेना, मला त्यांचा उद्धटपणा कळेना. अहवालात मी सात कलमे लिहिली. चौथे असे: मोजणीदार नशेत असत असा आरोप; पुरावा नाही; दुर्लक्ष करावे. अक्षर फार सुरेख आले होते. सोमवारी तो कागद कमिटीकडे जायचा होता.

रविवारी सकाळी दारात कोळीण आली. मी दात घासत होतो. तिची पाटी पाहून माझी बायको म्हणाली, "अगं, एवढीच मासळी?"

"भांग हाय ना, बाय. पान्याला ओढ नाय, जाल्यान काय येनार?"

"भांग कुणी घेतली? तू की तुझ्या नवऱ्याने?"

"त्याला कशाला भांग? तो बिनभांगेचाच झिंगलेला," कोळीण हसत म्हणाली. "ती भांग नव्हं, बाय. अष्टमी-नवमीला पानी मरतं, त्यो भांग. पुनव-अवसेला उधान."

मी तोंड न धुताच दारात गेलो आणि तिला तेच पुन्हा बोलायला लावले. जाल्यान म्हणजे जाळ्यात. घरान म्हणजे घरात. मग भांगान म्हणजे भांगाच्या दिवसांत. मी ऐकले होते 'भांगेनं'.

"अहो, काय झालं? तोंड तरी धुवा," बायको म्हणाली.

मोजणीची नक्कल घरीच होती. पंचांग काढून एकेका तारखेपुढे तिथी मांडत गेलो. सप्तमी, अष्टमी, नवमी, कुठे दशमी. दोन महिन्यांत पौर्णिमा एकही नाही, अमावास्याही नाही; म्हणजे उधाणाची मोठी भरती मोजलीच नव्हती. साहेबांचा एकही आकडा खोटा नव्हता. पाटलांचा एकही शब्द खोटा नव्हता. मधे मी होतो.

सोमवारी कचेरी उघडण्याआधीच साहेबांच्या बंगल्यावर गेलो. काय बोलायचे ते कागदावर तीन कलमांत लिहून नेले होते. दोनच बोलता आली. साहेब म्हणाले, "मी तुला दुभाषी म्हणून ठेवले होते, फिर्यादी म्हणून नाही." नोकरी गेली असे मी धरून चाललो. पण त्यांनी माझी तिथींची यादी मागून घेतली, खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचली आणि कमिटीला पंधरा दिवसांची मुदत मागणारी चिठ्ठी लिहिली.

पौर्णिमेला मोजू, असे ठरले. पाटलांची माफी मागून मी त्यांना तसे सांगितले, तर म्हणाले, "पुनवेला नको, दुजेला या. थोर पानी मागून येतं." साहेबांचा हिशोब पौर्णिमेचा होता. ते दोन्ही दिवशी गेले. द्वितीयेला दुपारी पाणी पौर्णिमेपेक्षा वर चढले आणि बांधाच्या ठरवलेल्या उंचीचा खांबावरचा आकडा पाण्याखाली गेला. मोजणीदार होडीत बसून आकडा वाचू लागला, तसे पाटील म्हणाले, "नीट वाच रे बाबा. आज पानी हलतंय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून पाटलांना विचारले, "आत शिरलेले पाणी बाहेर जायला बांधाला किती दरवाजे हवेत?"

"दोन."

कमिटीपुढे साहेबांनी हे सगळे मांडले. बांध उंच करायला मंजुरी मिळाली. दरवाजा मात्र एकच मिळाला. दुसरा कमिटीला नकाशावरून गरजेचा वाटला नाही. कमिटीतले कुणी शिवडीला आले नव्हते.

हे सांगायला मलाच जावे लागले. पाटील जाळे विणत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "एक तर एक. बसवनार कुठं?" मी नकाशावरची जागा दाखवली. ते उठले, वल्हे घेऊन ओहोटीच्या चिखलात उतरले आणि खाडीच्या वळणावर ते रोवून आले. "पानी हितनं जातं. हितं बसवा."

मी तिथेच लिहून घेतले आणि प्रत्येक वाक्य त्यांना त्यांच्या बोलीत परत विचारले. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवले: वळणाच्या आत नव्हे, वळणावर. मी खोडून नीट लिहिले, मग त्यांनी अंगठा उठवला.

दरवाजा तिथेच बसला. पुढच्या पावसाळ्यात उधाण आणि पाऊस एकदम आले. समुद्र बांधावरून आत आला नाही. पावसाचे पाणी मात्र एका दरवाजाने निघायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस खालच्या आळीच्या अंगणात घोटाभर पाणी होते. घरांत शिरले नाही. मी साहेबांबरोबर तिथे जाऊन ते पाणी मोजले, तिथीसकट लिहिले आणि दुसऱ्या दरवाजाचा अर्ज पुन्हा कमिटीकडे पाठवला.