सत्कारात दिलेला होकार

कोविडच्या साथीत सरकारने मला योद्धा केलं. त्याआधी मी कसालला एका दुकानात मोबाइलच्या काचा बदलून द्यायचो. दुकान बंद पडलं, कोविड सेंटर उघडलं आणि तिथे कंत्राटी वॉर्डबॉय म्हणून मी लागलो. चाळिशीला टेकलेल्या माणसाला कुणीतरी बॉय म्हणतंय, याचाच मला आनंद. पहिल्याच दिवशी उकाड्यात ते पांढरं किट चढवलं आणि तासाभरात चक्कर येऊन आडवा झालो. पेशंटसाठी मांडलेल्या नव्या खाटेवर पहिला मान मला मिळाला.

पुढे काम अंगवळणी पडलं. जेवणाची ताटं पोचवली, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या शिव्या खाल्ल्या. काही माणसं शेवटची पाहिली, तेव्हा त्यांच्या घरची मंडळी बाहेर फाटकापाशी ताटकळत होती. त्यावर मला विनोद करता येत नाही. साथ ओसरल्यावर आम्हाला सरकारी दवाखान्यात घेतलं, पण कंत्राटावरच. ते काम मला आवडायला लागलं होतं. ही नोकरी कायम व्हावी, एवढंच मला हवं होतं.

अशात निरोप आला की कोविड योद्ध्यांचा सत्कार होणार. आमच्यातली एक नर्स, मालवणकडची ख्रिस्ती बाई, माझ्यासारखीच कंत्राटावर. ती खात्रीने म्हणाली, "उगाच बोलवतत काय रे? शालीवांगडा ऑर्डर पण देतले." शालीसोबत कायम नोकरीची ऑर्डर, मला तेवढंच पुरलं. मी घरी सांगितलं, आईने वाडीभर सांगितलं. बायकोने माझा लग्नातला कोट काढला. त्याचं बटण लावताना आम्ही दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जत्रा असो, लग्न असो, नाहीतर नवी रिक्षा दारात आलेली असो, आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एखादा जाणता माणूस देवापुढे उभा राहून लांबलचक मागणं सांगतो. दर वाक्यामागे तो थांबतो आणि जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागणं नीट ऐकलंच पाहिजे असं काही नाही, तो थांबला की म्हणायचं. शाळेत माझा कशातच नंबर आला नाही, पण या एका कामात मी लहानपणापासून गावात पहिला. माझा आवाज पार बांधावरच्या गुरांपर्यंत जायचा.

सत्कार एका मंगल कार्यालयात होता. शाली झाल्या, सन्मानपत्रं झाली, ऑर्डर काही दिसली नाही. मी मनाला समजावलं की भाषणात जाहीर करतील. मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले. ते आमच्याच जिल्ह्यातले. बोलत होते शुद्ध मराठी, पण चाल घरचीच. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि दर वाक्यामागे थांबायचे. वर पंखा गरगरत होता, अंगावर कोट, कोटावर शाल. मला मस्त डुलकी लागली.

"या आमच्या योद्ध्यांनी जिवाची पर्वा केली नाही..." पाहुणे थांबले. "रुग्णसेवा हीच देवाची पूजा मानली..." पुन्हा थांबले. "आणि त्या बदल्यात शासनाकडे कधीही, काहीही मागितलं नाही..."

"व्हय म्हाराजा!" मी ठोकून दिलं.

माझ्याच आवाजाने मी दचकून जागा झालो. पाहुण्यांनी डोळे उघडले, चेहरा खुलला आणि त्यांनी लगेच पुढचं वाक्य टाकलं, "आणि पुढेही काही मागणार नाहीत!"

या वेळी अख्खं सभागृह गरजलं, "व्हय म्हाराजा!" डॉक्टर, आशाताई, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळे. नंतर टाळ्याही झाल्या. शेजारून नर्सने मला कडकडून चिमटा काढला. "मेल्या, तुझी नोकरी घालवूची तर घालव, माझी कित्याक घालवलंस?"

कार्यक्रम संपल्यावर मी पाहुण्यांना गाठलं. "साहेब, आमचं कायम होण्याचं..." एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय आवाज आहे हो तुमचा!" म्हणाले आणि जेवायला गेले. घरी आईने शाल बाजूला ठेवली आणि "ऑर्डर खंय आसा?" म्हणत पिशवी उलटी करून झटकली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी कोट घालूनच मागीलदारी जाऊन बसलो.

पुढच्याच महिन्यात आम्हा कंत्राटी लोकांना आरोग्य खात्याच्या कार्यालयात बोलावलं. मी वाटेत अख्खं भाषण पाठ केलं होतं. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या त्या माणसांचंसुद्धा मी सांगणार होतो. तिथले साहेब तरुण होते आणि अगदी सभ्यपणे बोलले. "कंत्राट वाढणार नाही. भरती निघाली की अर्ज करा." माझा कागद पाहून म्हणाले, "तुमचं मात्र वय बसत नाही." मग त्यांनी मान वर केली. "समजलं ना?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरांनी पाहिलं. या खेपेला मी टक्क जागा होतो, एकेक शब्द कान देऊन ऐकला होता.

"होय, सर," मी म्हणालो, अगदी शुद्ध मराठीत.