गाविलगडाच्या दरवाजात व्यायलेली म्हैस

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं परतवाड्याहून एसटीनं चिखलदऱ्याला निघालो. मी अमरावतीच्या शाळेत शिक्षिका, हे कचेरीत. घरात माणसांचा इतका राबता की आमचं धड बोलणंही झालं नव्हतं. जे व्हायचं ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध. "आपण जेवलात का?" असं.

घाट चढता चढता गाडी बंद पडली. वर थोडीच वाट उरली होती, म्हणून पिशवी घेऊन चालत निघालो. दोन्हीकडे साग, खाली धुक्यानं भरलेली दरी. पुढं एक गवळीण म्हशी हाकत चालली होती.

"गड पाह्यचा असन तर चला माया मांगं," ती म्हणाली. "आत तळ्यात पानी हाय, गवतबी हाय. आमच्या म्हशी तिथंच चरतात."

गडाच्या मोठ्या दरवाजाशी एक म्हैस अडली आणि खाली बसली. वर दगडात कोरलेले वाघ, खाली ती कण्हत होती. गवळणीनं कपाळाला हात लावला. "इथंच वेते आता!"

मी घाबरून मागं सरले. यांनी मात्र कोट काढून माझ्याकडं टाकला, बाह्या सारल्या आणि गुडघे टेकले. "बाई, तुमी म्हशीचं डोकं धरा, मी पिलाचे पाय ओढतो! अगं, तू पाहून काय राहिली? गवत आन!"

मी ओंजळभर गवत आणलं. वगार बाहेर आली, पण हलेना. यांनी तिचं नाक पुसलं, काडी घालून गुदगुल्या केल्या. ती शिंकली आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

"तुम्हाला हे कसं येतं?" मी विचारलं.

"लहानपणी रिद्धपूरले लोकाइच्या म्हशी चारल्या. तुले सांगाले लाज वाटत होती."

"मले सांगाले कायची लाज?" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच 'मले' म्हटलं असेन.

संध्याकाळी गवळणीच्या झोपडीत तिनं आम्हाला गूळ घालून चीक दिला. यांच्या सदऱ्याला म्हशीचा वास येत होता आणि हे लहानपणी चारलेल्या एकेका म्हशीचा स्वभाव सांगत होते. कोणती लाथाळ, कोणती लाडावलेली. मी वाटी चाटूनपुसून ऐकत राहिले.