केप फुटते, बार होत नाही

रत्नागिरीत चांगला डॉक्टर कोण, चांगला वकील कोण, पापलेट कुणाकडचं ताजं, हे कुणीही सांगतं. न विचारता सांगतं. पण बंदूक दुरुस्त करणारा चांगला माणूस कोण, असं मी विचारलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग माझ्या पिशवीकडे. मी शाळेत मराठी शिकवते, पन्नाशी उलटली आहे, आणि पिशवीत तपासायच्या वह्या असतात.

बंदूक बाबांची. लांज्याच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या उतारावर आंब्याची बाग, आणि त्या बागेवर माकडांचा वडिलोपार्जित हक्क. तो मोडून काढायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागच्या बाजूला केप म्हणजे चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो आणि बार होतो. गेली दोन वर्षं मात्र केप फुटायची आणि बार व्हायचा नाही. टुक् असा आवाज यायचा, बस्स. माकडं आंबा खाता खाता थांबायचीसुद्धा नाहीत.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "जाऊ दे गो. जमा करून टाकू."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रोज संध्याकाळी खांद्याला बंदूक लावून बागेत फेरी मारतात, म्हणून ते हिंडतेफिरते राहिलेत असं माझं ठाम मत. बंदूक गेली की फेरी जाणार, फेरी गेली की माणूस पडवीतल्या खुर्चीला चिकटणार, आणि ह्या वयात चिकटलेला माणूस पुन्हा उठत नाही. मला भीती वाटली. भीती वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड.

"जमा कशाला? मी शोधते कारागीर," मी म्हटलं.

"शोध हो," बाबा म्हणाले, "हौसेला मोल नाही."

शोधाची सुरुवातच वाईट झाली. बाजारात एका दुकानदाराला मी मोठ्या आवाजात विचारलं, "इथे दारू कुठे मिळते, ते सांगणारं कुणी आहे का?" म्हणजे असं की, ज्याला ठासणीची दारू ठाऊक, त्याला बंदूकवाला ठाऊक असणार. मागे माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याकडे सगळे फार मायेने बघत होते.

मग एका रिक्षावाल्याने "बंदूक ना? बसा" म्हणून खात्रीने नेलं आणि टिकल्यांची पिस्तुलं विकणाऱ्या दुकानासमोर उतरवलं. तिसरं दुकान खरोखर बंदुकांचं होतं, निदान पाटीवर तरी. आत छत्र्या, गळ आणि मासेमारीची दोरी. मालकांनी प्रांजळपणे सांगितलं की बंदुकीपेक्षा छत्रीला गिऱ्हाईक जास्त. पण त्यांनीच लांज्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव दिलं. वर म्हणाले, "माणूस खडूस आहे, पण हाताला यश आहे." खडूस ऐकल्यावर माझा विश्वास बसला. गोड बोलणाऱ्या कारागिरांनी माझ्या घरचा मिक्सर तीनदा बिघडवलाय.

रविवारी बंदूक गोणपाटात गुंडाळून, भाचीच्या गाडीत घालून, मी एकटी गेले. कारागिराने बंदुकीला हातच लावला नाही.

"परवाना?"

दिला.

"हा वडलांच्या नावावर. तुम्ही कुठल्या हक्काने आणलीत?"

बाबांनी सही करून दिलेली चिठ्ठी काढली: दुरुस्तीसाठी मुलीबरोबर पाठवत आहे. त्याने ती दोनदा वाचली, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, आणि मग कुठे गोणपाट सोडलं. मला तो माणूस तिथेच आवडला. चांगला बंदूकवाला ओळखायचा तर हत्यारं बघू नयेत, तो आधी काय मागतो ते बघावं.

त्याने नळी उजेडाकडे धरून पाहिली. "नळी स्वच्छ आहे. अगदीच स्वच्छ." मग केप बसते त्या भोकात बारीक तार घातली, बाहेर काढली आणि नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग माझ्याकडे, खरं तर माझ्या अंबाड्याकडे बघितलं.

"बाई, बंदुकीला काय झालेलं नाय. हिला कुणीतरी तेल पाजतंय. माक्याचं."

तार माझ्यापुढे धरली. वास घेण्याची गरज नव्हती. माका, ब्राह्मी आणि जास्वंद घालून कढवलेलं ते तेल पन्नास वर्षं माझ्या डोक्यावर आहे. आमच्या घरात ते एकच माणूस करतं.

"साफ करायला अर्धा तास पुरे," तो म्हणाला. "पण आधी घरी विचारून या. कुणी उगाच तेल ओतत नाय."

आई विळीवर नारळ खवत होती. मी विचारल्यावर तिने नाही म्हटलं नाही. हात न थांबवता हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत बागेतला गडी आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर चढला होता. बाबांना मोतीबिंदूने फांदीवर नुसतं काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी बार काढला. छर्रे त्याच्या डोक्यावरच्या पानांतून गेले. तो उतरला आणि बाबांना कारण न सांगता आठवड्याने काम सोडून गेला.

"ह्यांना वाटतं माकडच होतं. सांगितलं असतं तर खचले असते. म्हणून मी आपली दर शनिवारी दोन थेंब घालते. आता तू साफ करून आण, म्हणजे झालं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि माझा सगळा शहाणपणा पाण्यात गेला होता.

खोटं बोलायचं ठरवून मी पडवीत गेले. "बाबा, बंदुकीचा एक भाग मिळत नाही म्हणे."

"तेल पुसायला भाग कसला लागतो?" बाबा म्हणाले.

मी खाली बसले.

"पयल्याच दिवशी कळलं गो. केप फुटली आणि तुझ्या आईच्या डोक्याचा वास आला." ते हसले. "बिचारी तेल घालते. पण त्याच्या आधीपासून मी दारूच भरत नाय. नुसती केप. तिला वाटतं ती सांभाळते, वाटू दे. तू बोलू नको."

"म्हणजे तो माणूस..."

"उतरताना त्याचा सदरा दिसला. निळा." त्यांनी मान बागेकडे वळवली. "आता सगळंच धुरकट दिसतं. तू समोर बसलीस तरी तुझं तोंड नीट दिसत नाय. पण तो सदरा दिसतो. स्वच्छ."

मी त्यांचा हात धरला.

"बंदूक जमा कर," बाबा म्हणाले, "आणि डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घे."