लांबवलेली प्रार्थना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही — देवालासुद्धा सरळ शब्दांत नाही. "माझी पापं क्षमा कर" असं मोघम म्हणते आणि पुढं सरकते. आता मात्र थकले.

आम्ही हिंगोलीत राहत होतो. नवरा मिशनचा प्रचारक, सेनगावकडची खेडी सायकलवर हिंडायचा. घर, दोन लेकरं आणि भीती माझ्या वाट्याला. काळच तसा होता — आधी रझाकारांचं भय, मग निजामाचं राज्य गेलं तशी मुसलमानांवर सूड घेत फिरणाऱ्या जमावांचं. अशात लेकरांना काय शिकवायचं? मी येशू शिकवला. कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही, दारी भुकेला आला तर आपल्या ताटातलं द्यायचं. आणि रोज घरची उपासना. तिचा नेम कडक: आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, जागचं हलायचं नाही. थोरली रूथ तर नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. मला केवढा अभिमान होता त्याचा!

शेजारी हमीदाबी राहायची. विधवा, पदरात तान्ही मुलगी. गल्लोगल्ली फिरून बांगड्या भरायची. रझाकार आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा तीच आमच्या दारापुढं उभी राहिली होती. "यहाँ गरीब लोगां रहते, आगे जाव," म्हणाली. ते गेले. — हे सांगायचं मी टाळणार होते. टाळून काय होणार?

निजामाची फौज हरली, त्यानंतरची एक दुपार. नवरा खेड्यात अडकलेला. गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला, तशी मी कडी घातली आणि लेकरांना घेऊन गुडघे टेकले. प्रार्थना संपतच आली होती. तेवढ्यात दार वाजलं. हळूच. मग फटीला तोंड लावून कुणीतरी पुटपुटलं —

"रूथकी अम्मा, खोलो ना."

मी दाराला लागून होते, मला ऐकू आलं. लेकरांना नाही. आवाज ओळखला नाही, असं म्हणू का? ओळखला. दारावर तिच्या विकायच्या बांगड्यांची माळ वाजत होती.

रूथ कुजबुजली, "आई, दारात कोनी तरी हाय."

"डोळे मीट. आमेन झालं न्हाई अजून."

आणि मी आमेन म्हटलंच नाही. प्रार्थना लांबवली, आवाज चढवला. आजाऱ्यांसाठी मागितलं, पिकांसाठी मागितलं, अनाथ-विधवांसाठीसुद्धा मागितलं. होय, विधवांसाठी. लेकरांचे डोळे घट्ट मिटलेले — माझे उघडे, कडीवर. हात पुरला असता इतकी जवळ होती ती कडी. दार वाजायचं थांबलं, मग मी आमेन म्हटलं.

संध्याकाळी कळलं, हमीदाबीला जमावानं कयाधू नदीच्या वाटेवर गाठलं. तान्हीलाही सोडलं नाही.

लेकरांसाठी केलं, असं म्हणता येईल. लोक मानतीलही. पण खरं सांगू? त्या वेळी लेकरं मनात नव्हतीच. मी भ्याले होते, एवढंच.

रूथनं विचारलं, "कोन व्हतं, आई?"

"मारेकरी व्हते," मी म्हणाले. "देवानं माघारी पाठवले."

पोरीनं ते देववाक्य मानलं. माझी दोन्ही लेकरं शांत निघाली, मायाळू निघाली. चर्चच्या मंडळीतल्या बाया विचारतात, काय केलंत हो? मी म्हणते, रोजची उपासना.

रूथ आता आपल्या लेकरांना सांगते — आईच्या प्रार्थनेनं दारातले मारेकरी परत फिरले. मी तिथंच बसलेली असते. परवा धाकटी नात मांडीवर येऊन बसली. "आजी, तशी प्रार्थना मला शिकव ना."

मी शिकवली.